स्वस्त आणि सकस

पौष्टिक आहार हे श्रीमंतांचेच काम, असा समज पुष्कळ घरांत आढळतो. मन्नाएखेळ्ळीच्या शिवारात तो अर्धाच खरा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत लायसिन या घटकाची उणीव असते. डाळीत तो विपुल असतो. म्हणूनच भाकरीबरोबर वरण हवे. जोडीला तांदुळजाची भाजी असावी व तीवर लिंबू पिळावे. 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा नेमके तेच अडवितो. पण तो सोडतो कोण!

तथापि डाळ महागली की मजुराच्या घरी वरण पातळ होते, आणि तेही तुरीच्या या मुलखात! कलबुरगीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून ती गरिबाच्या ताटात अधिक पडते असे नव्हे. दूध-फळांची गोष्ट तर दूरच. तेथे काटकसरीचा उपदेश निरर्थक होय. डिसेंबर २०२१ पासून बीदर, कलबुरगी आदी जिल्ह्यांतील शाळांत माध्यान्ह भोजनाबरोबर अंडी, व ती न खाणाऱ्यांस केळी, देण्यास आरंभ झाला. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. ज्याच्या घरचे वरण पातळ झाले आहे, त्या मुलाला ती शाळेत मिळतात.