महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घरी आणणाऱ्यांसाठी

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी स्ट्रॉबेरी आणलीच पाहिजे, असा आमच्या चंदनसारच्या आळीत जणू दंडकच आहे. त्याला अनुसरून गेल्या फाल्गुनात परतताना पाचगणीच्या अलीकडे एका हातगाडीवाल्याकडून आम्ही काही पेट्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघडल्या तेव्हा वरच्या थरातील टपोऱ्या, लालभडक फळांखाली देठाशी पांढुरकी राहिलेली बारीक फळे, आणि त्यांच्याही खाली रस सुटून बुरशी धरलेला लगदा निघाला.

विक्रेत्याची लबाडी यात होतीच. पण या फळाची प्रकृती ज्याने जाणली नाही, त्याला सचोटीचा बागाईतदारसुद्धा वाचवू शकणार नाही. आंबा किंवा केळे काढल्यानंतर अढीत पिकते. स्ट्रॉबेरीचे पिकणे मात्र देठ तुटताच थांबते, म्हणून पांढुरके फळ घरी कितीही दिवस ठेवले तरी त्यात गोडी उतरत नाही. शिवाय तिला साल अशी नाहीच. पसरणी घाटाच्या वळणांवर एका फळाचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि पुढे कोकणपट्टीचा उष्मा उरलेले काम पुरे करतो. आमच्याकडच्या आगाशीची सुकेळी, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली असल्यामुळे, महिनोन्‌महिने टिकतात. त्या सवयीने या नाजूक जिनसाकडे पाहू नये.

तेव्हा पेटी घेण्यापूर्वी ती तळापर्यंत उघडून दाखवण्याचा आग्रह निःसंकोचपणे धरावा, आणि जो नकार देईल त्याच्यापुढून चालू लागावे. देठावरची पाने हिरवी व ताठ असावीत, फळाला वास असावा. खरेदी निघण्याच्या दिवशी सकाळी, शक्यतो मळ्यावरूनच करावी. फळे उथळ खोक्यात एकाच थरात ठेवावीत, आणि खाण्याच्या वेळेपर्यंत त्यांना पाणी लावू नये. हंगाम साधारणतः नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंतचा. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ मे महिन्याच्या गर्दीत शोधत फिरणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशाच येते. आळीत वाटण्यासाठी मुरंबा किंवा सरबताची बाटली न्यावी. फळ मात्र भिलारसारख्या गावी, मळ्याच्या बांधावर बसूनच खावे.

मला अधिक खंत वाटते ती याची की, पेट्यांच्या घासाघिशीत लोकांचा अर्धा दिवस जातो आणि मूळ गाव पाहायचे राहूनच जाते. 1828 च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी वसवलेली, पुढे मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी झालेली पेठ म्हणजेच महाबळेश्वर, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक जेथे 1665 साली शिवछत्रपतींनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली, ते प्राचीन क्षेत्र या पेठेपासून थोड्याच अंतरावर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळात रांग असते, पण जवळच्या कृष्णाबाईच्या काळ्या पाषाणाच्या देवळाकडे फारसे कोणी वळत नाही. शेवाळलेल्या भिंती, गोमुखातून कुंडात पडणारी बारीक धार आणि समोर खोल उतरत गेलेले कृष्णेचे खोरे यांच्यासाठी सकाळचा निवांत प्रहर राखून ठेवावा. प्रतापगडही एका दिवसात सहज होतो. हे दोन्ही आधी उरकावे, आणि मळ्यावरची खरेदी शेवटच्या सकाळी ठेवावी.