‘चा-ची-चे’ आणि इंग्रजी नामांची संगत

जुन्नर



घोडेगावाहून तू धाडलेला, विमा कंपनीच्या मुंबईच्या कचेरीस द्यावयाचा इंग्रजी अर्जाचा मसुदा पोहोचला. गारपिटीने टोमॅटोचे पीक कसे झोपले, कळविण्यास विलंब का लागला आणि कर्जाचे व्याज डोक्यावर कसे चढत आहे, हा सारा मजकूर तू मुद्देसूद मांडला आहेस. क्रियापदांचे काळ जागच्या जागी आहेत आणि भाषेत विनाकारण लाचारीही नाही. खटकते ती एकच गोष्ट, आणि ती तुझ्या एकट्याची नसून मराठी शाळेत शिकून इंग्रजीकडे वळलेल्या बहुतेकांची आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

तुझ्या पानभर मजकुरात ‘ऑफ’ या शब्दयोगी अव्ययाचा सुळसुळाट झाला आहे. ‘डॅमेज ऑफ क्रॉप’, ‘रीझन ऑफ डिले’, ‘इंटरेस्ट ऑफ लोन’, ‘ॲप्लिकेशन ऑफ कॉम्पेन्सेशन’ अशी ही मालिका आहे. तिचा उगम उघड आहे. पिकाचे नुकसान, विलंबाचे कारण, कर्जाचे व्याज, भरपाईचा अर्ज या सर्व ठिकाणी आपण षष्ठीचा ‘चा-ची-चे’ लावतो. आणि विभक्तींच्या तक्त्यात षष्ठीसमोर ‘ऑफ’, चतुर्थीसमोर ‘टू’, पंचमीसमोर ‘फ्रॉम’, सप्तमीसमोर ‘इन’ असे एकदा पाठ केले, की लेखणी आपोआप त्या खाचेतून धावू लागते. तो तक्ता अगदीच टाकाऊ नाही, नवशिक्याला तो पहिल्या पायरीवर उभा करतो. परंतु त्याच पायरीवर जन्म काढणाऱ्याला पुढचा जिना दिसत नाही.

आपली षष्ठी फार उदार आहे. दोन वस्तूंत काहीतरी संबंध आहे एवढेच ती सांगते आणि तो संबंध कोणत्या जातीचा, हे नामाच्या अर्थावर व ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोपवून मोकळी होते. इंग्रजीला तेवढ्याने समाधान नाही. संबंधाची जात तिला बहुधा शब्दातच दाखवावी लागते. नुकसान पिकापर्यंत जाऊन पोहोचते, म्हणून ‘डॅमेज टू द क्रॉप’. भरपाई नुकसानीच्या बदल्यात मिळते, म्हणून ‘कॉम्पेन्सेशन फॉर द डॅमेज’. व्याज मुदलावर बसते, म्हणून ‘इंटरेस्ट ऑन द लोन’. वाढ भावाच्या पोटात होते, म्हणून ‘राइज इन द प्राइस’. आणि मागणी एखाद्या वस्तूकडे हात पसरते, म्हणून नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोची मागणी ही ‘डिमांड फॉर टोमॅटोज’ होते. विलंबाचे कारण ‘रीझन फॉर द डिले’, पत्राचे उत्तर ‘आन्सर टू द लेटर’, कुलपाची किल्ली ‘की टू द लॉक’. सातबाऱ्याची नक्कल मात्र ‘कॉपी ऑफ’ आणि शेताची हद्दही ‘बाउंडरी ऑफ’, कारण तेथे अंश आणि अंशी, मूळ आणि प्रत असा खरा षष्ठीचा संबंध आहे. एका ‘चा-ची-चे’च्या जागी इंग्रजीत ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ऑफ’ अशी पाच दारे आहेत, हे एवढ्यावरून तुझ्या ध्यानी येईल.

चुकीच्या दाराने गेल्यास काय होते, तेही पाहा. ‘ॲप्लिकेशन ऑफ’ असे म्हटले की इंग्रजीत अर्ज नव्हे, तर लावणे, टाकणे, घालणे हा अर्थ पुढे येतो. पिकाला खत देणे याला ‘ॲप्लिकेशन ऑफ फर्टिलायझर’ म्हणतात. तेव्हा तुझे वाक्य वाचणाऱ्या कारकुनाला क्षणभर असे वाटावयाचे, की घोडेगावचे शेतकरी वाफ्यात भरपाई पेरणार आहेत! ‘रिसीट ऑफ पेमेंट’ म्हणजे रक्कम हाती पडणे, आणि ‘रिसीट फॉर द पेमेंट’ म्हणजे त्या रकमेची पावती. पैशाच्या व्यवहारात हा भेद क्षुल्लक नव्हे.

नामामागचे अव्यय ठरविण्याचा हा एक भाग झाला. अव्ययापुढे नाम येते तो दुसरा. तेथे स्थळ आणि काळ यांच्या बाबतीत थोडी नियमबद्धता आहे, आणि ती आपल्याच तालुक्यांच्या आधारे शिकता येते. ज्या ठिकाणाकडे नकाशावरील बिंदू म्हणून पाहावयाचे तेथे ‘ॲट’, जेथे रेषा किंवा पृष्ठभाग मनात असतो तेथे ‘ऑन’, आणि ज्याच्या कुशीत आपण असतो तेथे ‘इन’. एस.टी. थांबते ती ‘ॲट आळेफाटा’. आळेफाटा आहे तो ‘ऑन द पुणे-नाशिक हायवे’. आणि जुन्नर तालुका आहे तो ‘इन पुणे डिस्ट्रिक्ट’. खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ॲंटेनांची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण ‘ॲट खोडद’ आणि ‘निअर नारायणगाव’ असते. नदीच्या संदर्भात ‘ऑन’चे एक विशेष आहे: डिंभ्याचे धरण ‘ऑन द घोड’ हे आपल्या ‘नदीवरील धरण’ याच्याशी जुळते, परंतु तुझे घोडेगावही ‘ऑन द घोड’च असते, आणि येथे ‘वर’ असे भाषांतर केलेस तर गाव पाण्यावर तरंगू लागेल. काठी वसलेले, एवढाच त्याचा अर्थ. बिबट्या उसात शिरला तर ‘इन द शुगरकेन’ हे सरळच आहे. पण तो झाडावर चढून बसला तर इंग्रजी त्याला फांद्यापानांच्या आत पाहते आणि ‘इन द ट्री’ म्हणते.

काळाचेही तसेच. शिवछत्रपतींच्या जन्माचे एक वाक्य घे: जन्म ‘ॲट शिवनेरी’, ‘ऑन’ १९ फेब्रुवारी, ‘इन’ १६३०. दिवसाला ‘ऑन’ आणि सालाला ‘इन’ हा नियम या वाक्यातून कायमचा लक्षात राहील. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’ लागते. मात्र ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द ईव्हनिंग’ म्हणणारी भाषा ‘ॲट नाइट’ का म्हणते, याचे समाधानकारक कारण देण्याच्या भरीस मी पडणार नाही, आणि कोणी देऊ लागल्यास तूही फार वेळ खर्चू नकोस. ‘बाय बस’ जावे, पण नाणेघाट चढावा तो ‘ऑन फूट’. ‘बाय’पुढच्या बसला येथे ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही, परंतु आठच्या गाडीत बसलेला मनुष्य ‘ऑन द एट ओ’क्लॉक बस’ असतो. ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे रुग्ण म्हणून दाखल, आणि ‘इन द हॉस्पिटल’ म्हणजे, निदान विलायती इंग्रजीत, त्या इमारतीत असलेला कोणीही.

हे सारे मनमानी आहे असे म्हणून कपाळाला हात लावण्यापूर्वी आपल्या भाषेकडे एकवार पाहा. आपण आईवर प्रेम करतो, गुरूंबद्दल आदर बाळगतो, सापाची भीती धरतो आणि शेजाऱ्याशी वैर करतो. प्रेमाला ‘वर’, आदराला ‘बद्दल’, भीतीला ‘ची’ आणि वैराला ‘शी’ कोणत्या कायद्याने मिळाले? आपण ते कधी शिकलो नाही, नामाबरोबर ते कानावर पडत गेले. कित्येक ठिकाणी तर दोन्ही भाषांची वहिवाट एकच निघते: गाडी वेळेवर येते ती ‘ऑन टाइम’ आणि काम वेळेत उरकते ते ‘इन टाइम’, कामगार संपावर जातो तो ‘ऑन स्ट्राइक’, शिक्षक रजेवर जातो तो ‘ऑन लीव्ह’, आणि माल उधारीवर मिळतो तो ‘ऑन क्रेडिट’. जेथे जुळते तेथे निःशंकपणे जुळवावे, जेथे जुळत नाही तेथे हट्ट धरू नये.

या संगतीचे सामर्थ्य किती असते, याची साक्ष आपल्याच दप्तरात आहे. शिवकाली राजव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले गेले. तथापि बद्दल, बाबत, मार्फत, ऐवजी, खेरीज हे परमुलुखातून आलेले शब्द आजही आपल्या नामांना बिलगून आहेत, आणि शुद्ध मराठीचा कैवारी म्हणविणाराही त्यांच्यावाचून चार ओळींचा अर्ज लिहू शकत नाही. नाम बदलणे एक वेळ साधते; नामाची संगत बदलणे दुरापास्त, असे माझे मत आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण रचले, तेव्हा आपल्या भाषेला चौकट लाभली हे त्यांचे थोर उपकार. पण चौकट ही चौकटच, घरातले राहणे तिच्यावरून शिकता येत नाही.

सबब तुला माझी मसलत अशी आहे. अव्ययांच्या याद्या घोकणे आजपासून बंद कर. ‘फॉर’चे वीस अर्थ पाठ करणाऱ्याला ऐन वेळी एकही सापडत नाही, उलट ‘डिमांड’ हे नाम ज्याने ‘डिमांड फॉर’ असेच उचलले, त्याला विचार करावा लागत नाही. शंका आली की कोशात अव्यय पाहू नये, नाम पाहावे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात इंग्रजी शिकविताना परभाषिक विद्यार्थ्यांच्या नेमक्या अडचणी ओळखल्या आणि त्यांच्यासाठी सहकाऱ्यांसह जो कोश रचला, तो १९४२ साली तोक्योत प्रथम निघाला व १९४८ पासून ऑक्सफर्डचा म्हणून जगभर गेला. त्या कोशात आणि त्याच्या धर्तीवरील कोशांत नामाजवळच त्याचे अव्यय आणि नमुन्याचे वाक्य दिलेले असते. ते वाक्य तसेच वहीत उतरवून घे, आणि त्याखाली आपल्या गावचे, बाजाराचे, धरणाचे, शेताचे एक वाक्य स्वतः रचून लिही. वर्तमानपत्र वाचतानाही नुसते नाम टिपू नकोस. त्याच्या मागचे-पुढचे अव्यय जोडीने टीप. ही वही वर्षभर चालविलीस, तर गावकऱ्यांचे अर्ज लिहिताना तुला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

गावातली माणसे तुझ्याकडे विश्वासाने कागद घेऊन येतात आणि त्यांची भरपाई, पावती व मुदत तुझ्या शब्दांवर अवलंबून असते, म्हणून या बारीकसारीक अव्ययांना हलके लेखू नकोस. मसुद्यातले प्रत्येक ‘ऑफ’ कोशाशी ताडून पाहा आणि दुरुस्त अर्ज मुदतीच्या आत रवाना कर. ताईस व दाजींस माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा