आधीं ओळ, मग अंक

कळफलकावरून संगणकाकडे अंक जात नाहींत, चिन्हें जातात. ‘४०’ टंकलें कीं ‘४’ आणि ‘०’ हीं दोन चिन्हें रांगेंत उभीं राहतात. त्यांची चाळीस ही संख्या करणें हें प्रोग्रॅमचें काम. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या ‘सी’ भाषेंत हें काम बहुधा ‘स्कॅनएफ’कडे सोंपविलें जातें. त्यांत धोका कोठें आहे, तें आपण पाहूं.

शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरीच्या गूळपेठेंतील एका अडतीची नोंद करावयाची आहे, असें समजूं. प्रथम रव्यांची संख्या, मग शेतकऱ्याचें नांव.

‘स्कॅनएफ’ संख्या उचलतें, पण तिच्यामागचें ‘एन्टर’चें चिन्ह रांगेंतच राहतें. नांव घेण्यास आलेल्या ‘एफगेट्स’ला तेंच प्रथम भेटतें, रिकामी ओळ हेंच नांव ठरतें. गूळ नोंदला, पण धनी हरवला! शून्याऐवजीं चुकून इंग्रजी ‘ओ’ टंकला, तर चाळिसांचे चार रवे होतात आणि ‘स्कॅनएफ’ तक्रारही करीत नाहीं. संख्येच्या जागीं अक्षरेंच आलीं, तर तें तीं उचलीतच नाहीं. पुनःपुन्हा विचारणारा प्रोग्रॅम त्याच अक्षरांपाशीं अखंड फिरत राहतो.

उपाय सोपा आहे :

१. प्रत्येक उत्तर, मग तें नांव असो वा संख्या, ‘एफगेट्स’नें पूर्ण ओळ म्हणून घ्यावें व जागेची मर्यादा सांगावी. मर्यादा न जाणणारें जुनें ‘गेट्स’ २०११ च्या प्रमाणांतून काढून टाकलें आहे. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें, म्हणून नांवास जागा ऐसपैस ठेवावी.

२. नांवाच्या शेवटचें ‘एन्टर’चें चिन्ह काढून टाकावें.

३. संख्येची ओळ ‘स्ट्रटोल’कडे द्यावी. आपण कोठें थांबलों, हें तें सांगतें. आरंभींच थांबलें, तर संख्या नाहीं. मागें ओळीच्या शेवटाखेरीज कांहीं उरलें, तर उत्तर नाकारून पुन्हा विचारावें. देवनागरी अंक तें ओळखत नाहीं. ते आधीं बदलून घ्यावे.

४. शेवटीं संख्या संभवनीय आहे कीं नाहीं, हें पाहावें. उणे रवे कोणी आणीत नाहीं.

चाळिसांचे चार झाले, तर संगणकास त्याचें कांहींच वाटत नाहीं. ज्याचे छत्तीस रवे वहींतून गेले, त्याच्या घरीं मात्र वर्षाचा हिशेब चुकतो. म्हणून जें आलें तें आधीं जसेंच्या तसें घ्यावें, पारखावें आणि मगच त्यास संख्या म्हणावें.