‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कोठे’ नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’मधील दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश चालू होता. ज्यूलिएट वर खिडकीत उभी आहे; खाली बागेत रोमिओ आहे, पण तिला त्याची चाहूल नाही. त्याचे नाव घेऊन ती स्वतःशीच एक प्रश्न करते. त्या प्रश्नात ‘व्हेअरफोर’ हे क्रियाविशेषण आहे. सरांनी अर्थ विचारताच मी ठामपणे सांगितले, “रोमिओ, तू कोठे आहेस?” वर्गात कोणीही हसले नाही, कारण सर्वांची समजूत तीच होती. सर एवढेच म्हणाले, “शब्दकोश पाहा.” घरी शब्दकोश नव्हता, ग्रंथालयात पाहिला.

‘व्हेअरफोर’ हा ‘व्हेअर’ आणि ‘फोर’ यांचा जोडशब्द आहे. अशा जुन्या जोडशब्दांत ‘व्हेअर’ स्थळ दाखवीत नाही; त्याचा अर्थ ‘काय’ किंवा ‘जे’ असा होतो. ‘फोर’ म्हणजे ‘साठी’. म्हणजे हा आपला ‘कशासाठी’ किंवा जुना ‘किमर्थ’ झाला. याचाच भाऊ ‘देअरफोर’, म्हणजे ‘त्यासाठी, म्हणून’, आजही रोजच्या वापरात आहे.

या शब्दाचे उपयोग दोन. प्रश्नात तो ‘का, कशासाठी’ असा येतो. दोन वाक्ये जोडताना तो ‘यास्तव, त्या कारणाने’ असा येतो. 1611 च्या इंग्रजी बायबलात हा उपयोग वारंवार आढळतो. आजच्या इंग्रजीत ‘व्हाइज अँड व्हेअरफोर्स’ या जोडीत तो टिकून आहे. तिचा अर्थ ‘सगळी कारणे’.

पुरावा त्याच प्रवेशात आहे. रोमिओ बोलू लागल्यावर ज्यूलिएट त्याला विचारते, की तू येथे कसा आलास, आणि ‘व्हेअरफोर’? तो समोरच असताना ‘कोठे’ हा अर्थ बसणारच नाही.

आता पहिला प्रश्न पुन्हा वाचावा. ज्यूलिएट कॅप्युलेट घराण्यातली, रोमिओ माँटेग्यू घराण्यातला. दोन्ही घरांत वैर. ती विचारते, तू रोमिओच का असावास? त्या घरचा मुलगा का असावास? म्हणून तर पुढे लगेच ती त्याला घराण्याचे नाव सोडावयास विनविते. ‘कोठे’ असा अर्थ घेतला, की हे सारे निसटते आणि उरते केवळ प्रियकराची शोधाशोध.

आपल्याकडे नवी ओळख झाली, की “आडनाव काय?” असे विचारतात, आणि त्या उत्तरावर पुढचे किती अवलंबून असते हे वाचकांना ठाऊक आहे. ज्यूलिएटने ठिकाण विचारले असते, तर उत्तर सोपे होते. तो खालीच उभा होता. तिने कारण विचारले. मी वहीतला ‘कोठे’ खोडून तेथे ‘कशासाठी’ लिहिले, आणि त्या दिवशी ते नाटक मला प्रथमच जवळचे वाटले.