आजचा शब्द : निंदणं



आजच्या चिंतनासाठी गीतेतला एकच शब्द घेतलाय. दुसऱ्या अध्यायाच्या 36व्या श्लोकात तो येतो : 'निन्दन्तः', म्हणजे निंदा करणारे. शब्द सोपा आहे, शाळेपासून माहीत आहे. पण तो मला नीट कळला तो पुस्तकात नाही, आमच्या काकूच्या शेतात.

जुलैत गावी गेलो होतो. यवतमाळहून कळंबला उतरलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं (पायऱ्या उतरून खाली गेल्यावर बाप्पा भेटतो, तो गारवा अजून आठवतो) आणि तिथून गावात. घरी कोणीच नाही. सगळे निंदणाला. आपल्या पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला खुरपणी म्हणतात त्याला आमच्याकडे निंदण म्हणतात. दोन ओळींच्या मधलं तण बैलाच्या डवऱ्याने निघतं, पण झाडाच्या अगदी बुडाशी असलेलं तण हातानेच काढावं लागतं. बाया ओळीने बसतात, प्रत्येकीची आपापली पात. मीही हौसेने खुरपं घेतलं आणि पाचव्या मिनिटाला काकू ओरडली,

"अरे पोरा, तू तं पऱ्हाटीच उपटली! निंदाले सांगतलं होतं ना तुले!"

माझ्या हातात कपाशीचं वीतभर रोप होतं. सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात फिरत राहिलं.

एक क्रियापद, दोन अर्थ

मराठीत 'निंदणे' ही दोन क्रियापदं आहेत. दिसायला एक, कूळ वेगळं. माणसाला निंदणं हे संस्कृतातल्या 'निन्द्' धातूपासून आलं : दोष देणे, हलकं लेखणे. शेतातल्या निंदण्याचं नातं वेगळ्या शब्दाशी लागतं. संस्कृतात तण काढणाऱ्याला 'निर्दाता' म्हणतात. दोन वेगळ्या घरचे शब्द, मराठीत येऊन जुळ्या भावांसारखे झाले.

आता वापर बघा. 'काकूने कपाशी निंदली.' यात कर्म कोण? कपाशी. पण उपटलं काय गेलं? तण. कपाशी जागच्या जागी राहिली, उलट तिला मोकळा श्वास मिळाला. आणि 'त्याने भावाला निंदलं' म्हटलं की? इथे कर्म भाऊ, आणि उपटला जातो तोही भाऊच.

बोलताना आपण 'निंदलं' फारसं म्हणत नाही. 'निंदा केली' म्हणतो, नाहीतर 'नावं ठेवली'. 'निषेध केला' हे वेगळं : तो एखाद्या कृत्याचा असतो आणि उघडपणे करतात. टीका कामावर करता येते. निंदेचा रोख मात्र बहुतेक वेळा माणसावरच असतो, आणि तो माणूस सहसा समोर नसतो.

गीतेत बघूया

36व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की तू मागे फिरलास तर तुझे शत्रू तुझ्या सामर्थ्याची निंदा करतील. म्हणजे हे क्रियापद तिथे शत्रूंच्या तोंडी आहे.

पण थांबा. त्याच अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात स्वतः भगवंतही अर्जुनाला गोड बोलत नाहीत. फार कठोर शब्द वापरतात. मग ती निंदा नाही का?

श्लोक उघडून नीट वाचा. 'क्षुद्र' हे विशेषण कोणाला लावलंय? अर्जुनाला नाही, त्याच्या हृदयाच्या दुर्बलतेला. ही दुर्बलता तुला शोभत नाही, ती टाक आणि ऊठ, असं सांगतात. आणि त्याच श्लोकात त्याला हाक काय मारतात? 'परंतप', शत्रूंना ताप देणारा. रथात शेजारी बसून, तोंडावर, त्याची खरी ओळख त्याला आठवून देत बोलतात. हे शेतातलं निंदणं आहे. तण काढलं, पऱ्हाटी ठेवली.

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत 'अपैशुन' आहे, म्हणजे चहाडी न करणं, पाठीमागे दोष न सांगणं. आणि सतराव्यात वाणीचं तप सांगितलंय : दुसऱ्याला उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं. आपण बहुतेक वेळा फक्त 'सत्य' पकडतो आणि बाकी तीन सोडून देतो. "मी खरं तेच बोललो" हे आपलं आवडतं वाक्य!

आता माझं

काकूचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, शेती करतो. गेल्या दिवाळीत त्याने कर्ज काढून काहीतरी नवीन करायचं ठरवलं. मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "याला आयुष्यात कधी हिशोब जमला नाही, जमणारही नाही." वर हसणारी इमोजी. कर्जाबद्दलची माझी शंका खरी असेलही. पण मी शंका लिहिली नव्हती, मी त्यालाच उपटलं होतं, चाळीस नातेवाइकांसमोर. तो ग्रुपमधून बाहेर पडला. एकदा पाऊस चुकला की वर्ष हातचं जातं अशा आपल्या जिल्ह्यात शेतकरी पोरगा आधीच किती ओझं घेऊन चालतो, हे शहरात बसून मी विसरलो होतो.

त्या दिवशी शेताच्या दुसऱ्या टोकाला तोच डवरा हाकत होता. संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "चुकलं माझं." तो बराच वेळ बैलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुले इचारायचं होतं तं फोन करायचा ना दादा."

बस, एवढंच. सगळं लगेच पूर्वीसारखं झालं असं म्हणणार नाही. पण रात्री जेवताना त्याने वही काढून कर्जाचा हिशोब माझ्यासमोर ठेवला. त्यात दोन ठिकाणी मला खरंच शंका आली. या वेळी फक्त त्यालाच सांगितली.

आजचा अभ्यास

आज कोणाबद्दल काही टोचणारं बोलावंसं वाटलं तर टाइप करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या :

1. मी तण धरलंय की झाड? म्हणजे चूक, की माणूस?
2. हे त्याच्या समोर, एकट्यात सांगू शकतो का?
3. सांगून झाल्यावर तो जास्त मोकळा वाढेल का?

तिन्हींचं उत्तर 'हो' नसेल, तर खुरपं खाली ठेवायचं.

आणि हो, निंदण एकदाच करून भागत नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात, पाऊस पडला की परत वर येतो. आपल्या जिभेचंही तसंच. म्हणून रोज आपली पात आपणच धरायची, आणि सुरुवात स्वतःच्या वावरापासून करायची.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी!