घावाचा वेगही लिही

चि. सायली हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, ११५० अंशांना ईएन १९ पोलाद दाबायला किती ताण लागतो?’ मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न अर्धाच होता. दाबणार कशानं? हॅमरनं की हायड्रॉलिक प्रेसनं?

हिशेब कर. १०० मिलिमीटर उंचीच्या बिलेटवर हॅमर सेकंदाला ५ मीटर वेगानं आदळला, तर विकृतीचा दर सुरुवातीलाच सेकंदाला ५० होतो. प्रेसचा रॅम सेकंदाला ५० मिलिमीटरनं उतरत असेल, तर तोच दर सेकंदाला ०.५. फरक शंभरपट. भट्टी तीच, पोलाद तेच, तरी हॅमरखाली ताण ढोबळमानानं दुप्पट लागतो. झेनर आणि हॉलोमन यांनी १९४४ साली दर आणि तापमान एकाच राशीत बांधले. दर वाढवला काय नि तापमान उतरवलं काय, पोलादाच्या लेखी जवळपास सारखंच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी पुस्तकं हलकी वाटतात.

आता आतलं. ईएन १९ साधारण ८०० अंशांच्या वर पूर्ण ऑस्टेनाइट असतं. ते दाबलं की डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकातले दोष, साचतात आणि पोलाद कडक होत जातं. फेराइटमध्ये त्यांचा निपटारा सहज होतो. ऑस्टेनाइटमध्ये होत नाही. साठा एका हद्दीपलीकडे गेला की जुन्या ग्रेनच्या कडांवर नवे, ताणमुक्त ग्रेन उगवतात; हेच रीक्रिस्टलायझेशन. म्हणून ताण-विकृतीचा आलेख चढतो, शिखर गाठतो आणि उतरून सपाट होतो. तापमान कमी नि दर जास्त, तर नवे ग्रेन बारीक. पण शिखर गाठायला दाबावंही जास्त लागतं. पोलादात चिमूटभर नायोबियम असेल तर हे उगवणं आणखी लांबतं.

मात्र आलेख उतरलेला दिसला की ‘रीक्रिस्टलायझेशन’ लिहून मोकळी होऊ नकोस. हा उतावळेपणा हल्ली फार बोकाळलाय. झपाट्यानं दाबलेला नमुना स्वतःच तापतो, त्यानंही ताण उतरतो. पोटात चीर गेली तरी उतरतो. उलट टोकांना ग्रॅफाइट नीट लावलं नसेल तर नमुना मधे फुगतो आणि घर्षणाचा भार पोलादाच्या नावावर चढतो. खात्री हवी असेल तर दाबणं संपताक्षणी नमुना पाण्यात टाक, मधोमध काप आणि पिक्रिक ॲसिडनं एचिंग करून जुन्या ऑस्टेनाइटच्या कडा बघ. ते ॲसिड मात्र सुकू देऊ नकोस. कोरडं पिक्रिक स्फोटक असतं. झाकणाच्या आट्यांत पूड साचलेली बाटली दिसली तर तिला हात न लावता आधी लॅबच्या इनचार्जना सांग.

शॉपमध्ये उतरलीस की पायरोमीटरवर आंधळा विश्वास नको. सुटलेलं स्केल, म्हणजे वरची ऑक्साइडची पापडी, बिलेटपेक्षा गार असतं आणि पायरोमीटर तेच वाचतो. स्केल झडल्यावर लगेच रीडिंग घे.

तुझा,
मामा