ठकी सासरी न्यायची का?

तुझं पत्र वाचलं. आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. हो, ठकी सासरी न्यायची. बॅगेच्या तळाशी लपवून नाही, तर साड्यांच्या मधोमध, मलमलीत नीट गुंडाळून.

आता तुझ्या मनातली बोच. एवढी घोडी झाले, नोकरी करते, लग्न तोंडावर आलंय आणि चिंध्यांच्या बाहुलीला टाकवत नाही, माझं काही बिघडलंय का, असं तू विचारलंस. अगं, काहीही बिघडलेलं नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे मोठे बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. मनोविश्लेषणातही त्यांचं नाव होतं. 1951 साली त्यांनी याच विषयावर निबंध वाचला. लहान मूल आईपासून थोडं थोडं सुटं होऊ लागतं, तेव्हा एखादी बाहुली, एखादं दुपट्याचं टोक ते घट्ट धरून ठेवतं. ती वस्तू धड आई नसते आणि धड परकीही नसते. तिच्या आधाराने मूल एकटं झोपायला शिकतं, अंधाराला सामोरं जातं. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली, ती मला फार आवडते. शहाणी आई ती वस्तू मळली, तिला वास आला तरी धूत नाही, कारण धुतली की मुलाच्या अनुभवाचा धागा मध्येच तुटतो. तुझी आजी ठकीला साबण लावू द्यायची नाही असं तू लिहिलंस ना? आजीने विनिकॉट वाचले नव्हते, पण तिला कळत होतं.

पुढे मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. मूल मोठं झालं की त्या वस्तूचा अर्थ हळूहळू विरून जातो, ती विसरलीही जात नाही आणि तिच्यासाठी कुणी रडतही नाही, असं ते म्हणतात. दुकानातून आणलेल्या खेळण्याचं तसं होत असेल. पण ठकी आजीने तुझ्यासमोर बसून केली. मांजरपाटाचं अंग, आत जुन्या परकराच्या चिंध्या दाबून दाबून भरलेल्या, काळ्या दोऱ्याचे डोळे, लाल दोऱ्याचं तोंड, आजीच्या गंगावनातली वेणी आणि नेसायला तिच्याच इरकली लुगड्याचा तुकडा. अशा बाहुलीत करणारीचा हात राहतो. टाका कुठे घट्ट पडलाय, कुठे सैल सुटलाय, हे पाहिलं की आजीला संध्याकाळी कमी दिसायचं तेही आठवतं. असा अर्थ कसा विरेल, सांग.

मग तशीच नवी करून घे, असं तुझी मैत्रीण म्हणाली. चांगल्या मनानेच म्हणाली असेल, पण हे लहान मुलांनाही पटत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांना एक यंत्र दाखवलं, कुठल्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढणारं. यंत्र खोटंच होतं, पण मुलांना ते खरं वाटलं. साध्या खेळण्याची प्रत मुलांनी आनंदाने घेतली. जिला कुशीत घेऊन रोज झोपतात ती वस्तू आली, तेव्हा मात्र बहुतेकांनी आपली जुनीच परत मागितली, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. त्या पोरांना जे कळलं, ते तुझ्या मैत्रिणीला शांतपणे सांग.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेली रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली आहे. अंग जाड्याभरड्या लिननचं, पोटात चिंध्या आणि पपायरसचे तुकडे. कुणाची ते कुणालाच माहीत नाही, तरी तिला जपलंय. तुझी ठकी कुणाची आहे, कुणी केली, कशाची केली, हे तर तुला माहीत आहे. म्हणून पहिलं काम हे कर: एका कागदावर लिहून ठेव. आजीचं नाव, गाव, लुगडं कुठलं, साल आठवत असेल तर तेही. पेन्सिलीनेच लिही, शाई दमट हवेत पसरते आणि कापडाला डाग पाडते.

आता जपायचं कसं. बुडवून धुवायची नाही, रिठ्याच्या पाण्यातसुद्धा नाही. आतल्या चिंध्या पाणी धरून ठेवतात, वरून वाळल्यासारखी वाटते आणि पोटात बुरशी धरते. त्यात जुन्या इरकलीचा रंग जाईल तो वेगळाच. मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने धूळ काढ आणि सावलीत, वाऱ्यावर ठेव. उन्हात नको, ऊन रंगही खातं आणि सुताचा जोरही. कसर लागल्याची शंका आली, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठ-पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेव. वस्त्रं सांभाळणारी संग्रहालयंही हेच करतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, खोलीच्या हवेला येऊ दे, नाहीतर थंड कापडावर पाणी सुटेल. एरवी प्लॅस्टिक नको. तू कोकणात जाणार, तिथल्या पावसाळ्यात पिशवीतल्या कापडाचं काय होतं ते तुझ्या सासूबाईच सांगतील. डांबरगोळ्या अंगाला टेकवू नकोस. खळ काढलेली जुनी मलमल गुंडाळायला उत्तम, आणि दसरा-दिवाळीला एकदा उघडून हवा द्यायची.

काखेत उसवलीय म्हणतेस. तिथलं जुनं कापड कापून टाकू नकोस. मऊ सुती कापडाचं ठिगळ आतून सरकव आणि बारीक सुती दोऱ्याने सैलसर टाके घाल. पॉलिस्टरचा दोरा चिवट असतो, विरलेल्या कापडाला तो कापत जातो. तुझा टाका वेगळा दिसला तर दिसू दे. गेलेला डोळा मात्र मी तरी भरणार नाही. उरलेला आजीने काढलाय, त्याच्या शेजारी दुसऱ्या हाताचा डोळा मला बघवणार नाही. पण हे माझं झालं, तुझं मन काय म्हणतं ते बघ.

आईवर रागावू नकोस. ‘दिवाळीच्या आवराआवरीत टाकून दे ते गाठोडं’ असं ती म्हणाली खरी. पण लेकीचं लग्न ठरलेल्या घरात आईला हजार व्यवधानं असतात, आणि ते लुगडं तिच्या आईचं होतं हे विसरू नकोस. एखाद्या दुपारी ठकी तिच्या मांडीवर ठेव आणि विचार, हे लुगडं आजी कधी नेसायची गं? मग मध्ये बोलू नकोस. ती सांगेल त्यातलं बरंचसं तुझ्या कागदावर जाईल.

आणि होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधीच सांग. लाजत किंवा हसण्यावारी नेऊन नाही, सरळ सांग: ही माझी आहे, माझ्यासोबत येणार आहे. पहिल्यांदा हसला तर हसू दे, कुणीही हसेल. पुढे काय विचारतो तिकडे लक्ष दे. कुणी केली, असं विचारलं तर माझ्याकडून त्याला पैकीच्या पैकी गुण.

राहिली तुझी भाची. तिला ठकी हवीय, आणि ‘दे गं, लहान आहे ती’ म्हणून सगळे मागे लागलेत. देऊ नकोस. नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नकोस. त्यापेक्षा आईची एखादी जुनी सुती साडी माग आणि सुट्टीत तिला शेजारी बसवून नवी बाहुली कर. चिंध्या तिला भरू दे, कितीही वेळ लागला तरी. डोळ्यांना बटणं किंवा मणी लावू नकोस, तीन वर्षांखालचं मूल ते उपटून तोंडात घालतं. दोऱ्यानेच काढ. केस काळ्या लोकरीचे चांगले होतात, वेणीही घालता येते. बाहुलीचं नाव मात्र तिचं तिला ठेवू दे, तू सुचवूही नकोस.